फ्रिजचा आवाज

दादा,

दुरूनच नमस्कार. मी ठणठणीत आहे. हॉस्पिटलच्याच वसतिगृहात राहते, जेवण वेळेवर मिळतं, मास्कच्या दोऱ्यांनी कान तेवढे सोलवटले आहेत. बाबा अजून भाजीची पिशवी दारातच साबणाने धुतात का?

गेले तीन रविवार फोनवर तुमच्या मागे घरघर ऐकू येते. विचारलं तर तू म्हणालास, "अगं, फ्रिज म्हातारा झालाय." वहिनी म्हणाली, "तुझ्या दादासारखाच कुरकुरतो." मी हसलेसुद्धा.

दादा, फ्रिज दर आठ सेकंदांनी उसासा टाकत नाही. तो ऑक्सिजनच्या यंत्राचा आवाज आहे. लॉकडाऊन लागल्यापासून मी इथे तीच यंत्रं दुरुस्त करते. आणि जेवलीस का, काय जेवलीस, यातच अर्धा तास घालवणारी आई हल्ली "बरी आहे गं" एवढंच म्हणून फोन तुला देते.

मला काळजी लागू नये म्हणून लपवलंत, हे कळतं. पण परक्यांच्या आयांची यंत्रं लोक विश्वासाने माझ्या हातात देतात, आणि माझ्या आईचं यंत्र माझ्याच घरच्यांनी लपवावं? बाबांनीसुद्धा?

परवा मोटर धापा टाकत होती. मागचा फिल्टर धुळीने भरला असणार. औषधांच्या गाडीचे ड्रायव्हरकाका आज तिकडे येताहेत, त्यांच्याकडे या पत्रासोबत दोन नवे फिल्टर दिले आहेत. लगेच बदल.

रविवारी आधी फोन यंत्राजवळ धर. ते कसं चालतंय ते ऐकेन. तुम्ही काय सांगता ते त्यानंतर.

तुझी धाकटी