चारी बाजूंच्या रेघा

दादा,

आधी ‘प्रिय’ लिहिलं होतं, मग खोडलं. ते लिहायला मला तोंड नाही.

बाबांची जुनी मोटरसायकल गेल्या आठवड्यात खोलली, सहा वर्षांनी. आपण दोघांनी तिचं इंजिन नव्यानं बांधलं होतं. पहिल्याच फेरीत ते जाम झालं आणि तू रस्त्यावर आपटलास. मी बाबांसमोर ठणकावून सांगितलं, “यानं नवं इंजिन दामटलं.” बाबा म्हणाले, “एक तरी शहाणा निघाला,” आणि गॅरेजच्या किल्ल्या तुझ्याकडून काढून माझ्या हातात दिल्या. तू मोडका हात गळ्यात बांधून उभा होतास. एक शब्द उलट बोलला नाहीस. त्याचाच मला अजून राग येतो.

इंजिन दामटल्यानं तापलं असतं, तर धूर बाहेर पडतो त्या बाजूला पिस्टन जास्त घासला असता. इथे चारी बाजूंना सारख्याच रेघा आहेत. गेज लावून मोजलं, तर पिस्टन आणि सिलिंडरमधली फट मापापेक्षा कमी. म्हणजे पिस्टन मुळातच घट्ट बसवला होता. बोअरिंग, म्हणजे सिलिंडर आतून कापून मापात आणायचं काम, माझं होतं. कापताना तापलेला सिलिंडर गार व्हायची वाट न बघता मी गरमच मोजला, आणि गार झाल्यावर तो आकसला. गरम असताना माप घ्यायचं नाही, हे बाबांनी आपल्याला पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

या वेळी पुन्हा बोअरिंग केलं, सिलिंडर गार होऊ दिला, मगच मोजला. आज नव्यानं बांधलेल्या इंजिनावर पहिल्याच फेरीत गाडी मुद्दाम दामटली. काही झालं नाही.

किल्ल्या माझ्याच खिशात आहेत. हे पत्रही तिथेच राहील.

तुझा धाकटा,
बाबांचा शहाणा