कोमट पाण्याचं घमेलं

५ ऑक्टोबर, सोमवार
पोहोचलो एकदाच्या! धाकटी माझा हात न धरता बसमधून उतरली. चार महिने अंथरुणाला खिळलेली माझी बहीण! औषधं पुरे, आता हिला चालतं करा, असं डॉक्टर म्हणाले, म्हणून हा सगळा घाट. निघताना आईने मला बजावलं, नेतेस तशी परत नको आणूस, धडधाकट करून आण.

गाव बाजाराचं. चार गल्ल्या, मधे दगडी चौक, आणि पलीकडे नुसत्या हिरव्या टेकड्या नि पायवाटा. आमची खोली चीज करणाऱ्या एका बाईंच्या घरी, माडीवर. त्यांना सगळेच मावशी म्हणतात. खोली लख्ख, चादरींना इस्त्री. फक्त जिन्यात दिवसभर बुटात कोंडलेल्या मोज्यांचा वास येतो. धाकटी म्हणाली, ताई, तुझेच असतील. हसून हसून पोट दुखलं.

६ ऑक्टोबर, मंगळवार
ओढ्यापर्यंत जाऊन आलो. येऊन-जाऊन तीन किलोमीटर! परतल्यावर मावशींनी अंगणातल्या बाकावर बसवलं आणि पुढ्यात कोमट पाण्याची घमेली ठेवली. दूध फाडल्यावर सुटतं ना, ते हिरवट, बुळबुळीत पाणी. चालून आलेल्या पाहुण्यांचे पाय रोज त्यात भिजवायचे, ही या घराची रीत. पाय दुखले तर उद्या चालणार काय, कपाळ, असं म्हणत त्यांनी माझा घोटा धरला. मला शिसारी आली, मी पाय काढून घेतले. धाकटीने मात्र डोळे मिटले. मावशी तिच्या बोटांच्या बेचक्या अंगठ्याने सावकाश चोळत होत्या.

८ ऑक्टोबर, गुरुवार
आज बाजार. बस येते सोमवारी, पण परत जाते ती आठवड्यातून याच दिवशी. सगळ्यात मोठी रांग मावशींच्या चीजसमोर. वास तोच, जिन्यातला. नाक दाबून एक तुकडा तोंडात टाकला आणि मग लाज वाटेपर्यंत खाल्ला. खारट, मऊ, जिभेवर विरघळणारा. उद्यापासून न्याहारीलाही वाढा, असं मावशींना सांगून टाकलं.

१० ऑक्टोबर, शनिवार
धाकटीच्या टाचेची कातडी निघाली. जखम नाही, रक्त नाही. सायीसारखी अलगद, अख्खी. मावशींनी ती पाण्यातच राहू दिली आणि घमेलं उचलून आत नेलं. मी मागोमाग गेले. दुधाच्या मोठ्या पातेल्यात त्यांनी ते कातडीसकट ओतलं आणि पळीने ढवळलं.

मी ओरडले. त्या जराही ओशाळल्या नाहीत. अगं, विरजण नको का, म्हणाल्या. तुझ्या बहिणीचं तर काय छान लागलंय! आजारातून उठलेलं माणूस गोड असतं.

मोरीत ओकले. दोन दिवसांची न्याहारी डोळ्यांपुढे येत होती.

१२ ऑक्टोबर, सोमवार
धाकटीला सगळं सांगितलं. तिला माहीत होतं. मावशींनी पहिल्याच दिवशी सांगितलं, म्हणाली. आणि मग शांतपणे म्हणाली, की चार महिने प्रत्येकाने मला हातमोजे घालून हात लावला, या बाईला माझी किळस येत नाही. तू माझं शौचाचं भांडं काढताना तोंड फिरवायचीस, ताई. मी मोजायचे.

खरं आहे. फिरवायचे.

तिची पोटरी दाबून पाहिली. बोटाचा खळगा तसाच राहिला. त्यात हिरवट पाणी साचलं.

१३ ऑक्टोबर, मंगळवार
फिरणं बंद. दिवसभर बाकावर, त्याच पाण्याच्या पिंपात गुडघ्यांपर्यंत बुडालेली. नडग्या पांढऱ्या, कडा हरवलेल्या. वर माशी बसते, तिचे पाय रुततात.

आईचा फोन आला. चालतेय, म्हणाले.

१४ ऑक्टोबर, बुधवार
उद्याच्या बसने तिला नेणार. मावशींना ठणकावलं. न्या की, म्हणाल्या, अडवलंय कोणी? फक्त उचलताना सांभाळ. अजून नीट घट्ट झाली नाहीये.

शनिवारपासून अन्नाचा कण नाही पोटात. सगळ्यालाच तो वास —

१५ ऑक्टोबर, गुरुवार
सकाळी नऊ. बस चौकात उभी आहे. तिला काखेत धरून उठवलं. गुदगुल्या होतात म्हणून हसत होती. दारापर्यंत आलो. पाय बाकापाशीच — मागे —

मी मनगट ओढलं. जोरात. ते मऊ गोळ्यासारखं तुटून मुठीत आलं. रक्त नाही. आत सगळं पांढरं. दुखत नाही गं, म्हणतेय. फक्त तोंड नको फिरवूस.

नाही फिरवलं.

हॉर्न वाजतोय. उंबऱ्यावर बसून लिहितेय, उजव्या हाताने. डाव्या मुठीत तिचा तो गोळा अजून आहे. कोमट. नळ चार पावलांवर आहे, धुवायला हवं. ती माझ्याकडे बघतेय, किती मायेने. आणि मला किळस — कुठे गेली? पोट इतकं रिकामं आहे, आणि हा वास, आई गं, हा वास किती — एकच बोट, फक्त जिभेला —