फोटोतला हात

आये, तू गेलीस त्याला इतकी वर्षं झाली की आता माझे दातही तुझ्या वाटेने निघालेत. मी बोलते आहे आणि माझी नात लिहिते आहे. अक्षरं मला तेव्हा भेटली नाहीत, आता काय भेटणार. उमेळ्याची आपली पानवेलींची वाडी आठवते का तुला? बहिणी उन्हात केळीचे घड वाहायच्या आणि मला तू वेलींच्या सावलीत पानं खुडायला बसवायचीस. म्हणायचीस, "हिला ऊन नको, आधीच कोळसा." आत सगळं हिरवं असतं, रहाटाचं पाणी पाटातून झुळझुळत येतं, आणि तू साय-बेसन घेऊन माझी हनुवटी धरतेस. मला वाटतं, हेच लाड. इतकं चोळलंस, मी काही उजळले नाही. त्या बेसनाची भजी केली असतीस तर निदान पोट भरलं असतं.

आता बेसन गेलं, ट्यूब आली. रेडिओ रोज सांगतो, गोऱ्या व्हा. स्टेशनाजवळ पार्लरसुद्धा निघालंय. नातीला बघायला पाहुणे यायचे होते, म्हणून ती ट्यूब मीच मागवली. त्या दुपारी मुंबईची एक बाई कॅमेरा घेऊन ओटीवर बसली होती. मुली आरशापुढे काय काय सोसतात, त्याचे फोटो काढत गावोगाव हिंडते म्हणे. मी म्हटलं, "बाई, नटून झाल्यावर काढ गं." ती म्हणाली, "आजी, तुमचं चालू द्या." मी चालू दिलं.

महिन्याने ती फोटो घेऊन आली. काळापांढरा, त्यात सगळेच सावळे, मला बरं वाटलं. मग नीट पाहिलं. पोरीचे डोळे मिटलेले, ओठ दाबलेले, आणि हनुवटी घट्ट धरलेला एक हात. मनगटात तुझी पाटली. क्षणभर वाटलं, आये इथे कशी आली?

बाईला तो मुंबईत प्रदर्शनात लावायचा होता. आमची परवानगी हवी म्हणून तिने कागद पुढे केला. नातीने लगेच सही केली. मी म्हटलं, "माझा हात तेवढा काप आणि लाव."

नात म्हणाली, "आजी, हात कापला तर लोक म्हणतील, ही पोरगी उगाच रडतेय."

मग मी ज्या अंगठ्याने ट्यूब चोळली होती, तोच शाईत बुडवला.

पाहुण्यांनी पुढे काही कळवलं नाही. उरलेली ट्यूब मी दाराच्या बिजागरीला लावते. कुरकुर थांबली, रंग तोच आहे.

हे पत्र टपालात टाकायचं नाही, तुझ्या गावाला पोस्टमन जात नाही. खरं सांगू? "पोरी, माझं चुकलं" एवढं नातीच्या तोंडावर म्हणायला जीभ वळेना, म्हणून तुझं निमित्त करून तिच्याच हाताने लिहवून घेतलं. इथे तिचं पेन जरा थांबलं होतं. तेही लिही म्हटलं.