दिवा, माझे कुलूप आणि बारेकची चूल

पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने.

मी, सिप्रियानुस सुबान, वडिलांचे नाव पायोंग, वय एकोणपन्नास, राहणार वाईलेबे गाव, आदोनारा बेट, धंदा शेती व ताडी काढणे, गावच्या चॅपलचा दिवा राखणारा, हे माझ्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. हृदय सुजले आहे, असे समुद्रापलीकडच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितले. मला कोणी भरीस घातलेले नाही, ताडी पाजलेली नाही. पाने चार असून मी ती दोऱ्याने शिवली आहेत. दोऱ्याला सात गाठी आहेत. सहा आढळल्यास कोणीतरी पान बदलले असे समजावे.

घराबद्दल चार ओळी पुरतील. खरी वाटणी दिव्याची आहे, कारण माझ्यामागे तो कोणाच्या हाती जाईल ते मी आज ठरवले नाही, तर चॅपलच्या कुलपाची किल्ली ज्याच्या हाती लागेल तोच ठरवील.

१. घर, पत्र्याच्या छपरासह, माझी पत्नी युलियाना पेनी हिचे. तिच्या हयातीत तिला कोणी परसदारी हलवू नये. "तुम्हाला तिकडे मोकळी हवा मिळेल" असे कोणी म्हणू लागला, तर त्याच्या मनात काय आहे ते तिने ओळखावे.

२. डोंगरावरचे मक्याचे शेत मुलगी मार्ता हिचे. ती मलेशियात मळ्यावर कामाला आहे, येईल तेव्हा घेईल. हद्दीचे दगड नऊ आहेत. वरच्या बाजूचा एक दगड दरवर्षी वीतभर आमच्याकडे सरकतो. उतारामुळे सरकतो, असे चॅपलमध्ये प्रार्थना चालवणारे लाम्बेर्तुस मास्तर म्हणतात. बाकीचे आठ त्याच उतारावर असून का सरकत नाहीत, हे ते सांगत नाहीत.

३. घरातला हस्तिदंत आत्याच्या लग्नात वरपक्षाकडून आलेला आहे. तो कुळाचा, कुळातल्या मुलाच्या लग्नात वधूपक्षाला द्यायचा; मी फक्त राखणदार. खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंत भरतो. दर नाताळला मी तो मोजतो. अजून कमी झालेला नाही. तरी मोजत राहावे.

४. कोयता पेनीकडे राहील. उसना देऊ नये.

५. वाटेकडचे अकरा माड धाकटा भाऊ कोर्नेलिस तोकान याला. (हे कलम खोडले आहे. मीच खोडले. कारण शेवटी.)

६. दिवा. हा माझी मिळकत नाही, म्हणून देतो असे लिहीत नाही, सोपवतो असे लिहितो. चॅपलमध्ये वेदीमागच्या पेटीत पवित्र भाकर असते तोवर तिच्यापुढे लाल काचेत खोबरेल तेलाचा दिवा जळत राहिला पाहिजे. तो जळतो म्हणजे प्रभू घरात आहे. वर्षातून एकदा, ईस्टरआधीच्या गुरुवारी, पेटी रिकामी करून फादर तो स्वतः विझवतात. शनिवारी संध्याकाळी अंगणात नवा अग्नी पेटतो, त्यावर मोठी मेणबत्ती, तिच्यावर सगळ्यांच्या मेणबत्त्या, आणि मग दिवा. एरवी तो विझता कामा नये. बाबा मरताना म्हणाले, "तू फक्त तेल घाल, सुबान. उजेड कोणाचा आहे ते विसरू नकोस." मी तेल घातले. दुसरे वाक्य विसरलो.

मला दिवा मिळाला त्याच वर्षी वेरोनिका बारेक कोर्नेलिसची बायको होऊन या गावात आली. सोळा वर्षे दिवा एकदाही विझला नाही. याचे श्रेय मी कोणाला दिले हे लिहायला नको.

नऊ वर्षांपूर्वी मका काढायला दोन रात्री शेतावर राहून पहाटे परतलो, तेव्हा बारेक चॅपलमधून बाहेर पडताना दिसली. शालीखाली करवंटी होती. मी हाक मारली नाही. रविवारपर्यंत मनात ठेवले आणि प्रार्थना संपल्यावर सगळ्यांसमोर उभा राहिलो.

"बारेक, करवंटीतून काय नेत होतीस? प्रभूचं तेल तुझ्या कढईत जातं का?"

मागच्या बाकावर कोणी हसले.

"दादा, तेल नव्हतं," ती म्हणाली. तेवढेच.

कोर्नेलिस उठला. "दादा, शब्द परत घे."

"घेतो की. आधी कुलूप लावतो, मग बघू काय कमी होतं ते."

"तुझ्या उंबऱ्यावर पुन्हा पाय ठेवणार नाही मी."

"हस्तिदंत माझ्याकडेच आहे. येशील."

तो आला नाही. गावातली कुजबुज तेलावरून करणीवर गेली. दिव्याचे तेल नेऊन ती कोणावर काय करते, याच्या गोष्टी झाल्या. तिने कांडलेले मक्याचे पोहे लग्नाकार्यात कोणी घेईना. मी त्या गोष्टी सांगितल्या नाहीत, पण एकही थांबवली नाही.

कुलूप लावले, किल्ली गळ्यात घातली. आणि दिवा विझू लागला. नऊ वर्षांत सात वेळा, दर वेळी मका काढून परतलो की वात काळी. सातही वेळा मी खिशातल्या लायटरने तो पेटवला आणि कोणाला सांगितले नाही. दोऱ्याच्या सात गाठी त्याच्या आहेत. कोर्नेलिसने दुसरी किल्ली करवली असा मला संशय आला. कुलूप तीनदा बदलले. मग तो खिडकीतून बांबूच्या नळीने फुंकर मारत असेल असे वाटले, म्हणून वेदीजवळच्या खिडकीला पत्रा ठोकला. कुलूप नव्हते तेव्हा दिवा विझत नव्हता, ही सरळ गोष्ट माझ्या लक्षात आली नाही. संशयी माणसाला सगळे दिसते, फक्त स्वतःचा हात दिसत नाही.

ईस्टरआधीच्या या उपवासकाळात मला बोटीत घालून दवाखान्यात नेले. अकरा दिवस. गळ्यातली किल्ली गळ्यातच गेली. खाटेवर पडून मी अकरा दिवस त्या काळ्या वातीचा विचार केला. परत आल्यावर घरी न जाता चॅपलला गेलो. कुलूप जसेच्या तसे. दार उघडले तर दिवा जळत होता.

"दुसरी किल्ली!" मी ओरडलो. "सापडला चोर!"

पेनी मागे उभी होती. "मार्ताचे बाबा, किल्ली नाही. बांबू आहे."

"कोणाचा?"

"तोडला बारेकने. धरला मी. एका टोकाला पेटता काथ्या बांधून वात लावायची, दुसरा बांबू उभा चिरून त्याच्या पन्हळीतून तेल सोडायचं. खिडकीचा पत्रा मीच उचकटला. खिळे तुमच्याच डब्यात आहेत, मोजून घ्या."

"आणि विस्तव? लायटर?"

"लायटर तुमच्याकडे असतो," ती म्हणाली. म्हणजे तिला ठाऊक होते. "बारेकच्या चुलीतला. तिच्या माहेरी, डोंगरात, ईस्टरच्या मेणबत्तीने चूल पेटवतात आणि तो विस्तव वर्षभर राखेखाली जपतात. त्या दिवशी करवंटीत तोच होता. तुम्ही दोन रात्री शेतावर राहायचात आणि तेल दीड दिवसाचं घालायचात. सोळा वर्षं ती मधे जाऊन तेल घालत होती. विझलाच तर त्याच अग्नीने लावत होती."

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं. तुम्ही विचारलंत, तुला तिने काय खाऊ घातलंय."

मी तेवढ्यावरही विश्वास ठेवला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या मापाने तेल घातले आणि दिव्यासमोर बसलो. त्याच्या पुढच्या दिवशी संध्याकाळी ज्योत बसू लागली, तसे वर तेल घातले. माप बाबांचेच होते. पण बाबा कधी शेतावर मुक्काम करत नसत.

प्रभू जगाचा प्रकाश आहे असे मी लहानपणापासून म्हणत आलो. वाट चुकलेल्यांना दिसावा म्हणून लावलेला दिवा मी नऊ वर्षे माणसांपासून राखला. आत अंधार झाला तेव्हा बाहेर चोर शोधला.

म्हणून: दिवा वेरोनिका बारेक हिच्याकडे सोपवावा. दाराला कुलूप नसावे. खिडकीचा पत्रा काढलेलाच राहावा. माझ्या प्रेताजवळची मेणबत्ती तिच्या चुलीवरून पेटवावी, तिची हरकत नसेल तर. आधी विचारावे.

७. कलम सहा आज संध्याकाळी अंगणात, नवा अग्नी पेटण्याआधी, मी जिवंत असतानाच गावासमोर वाचावे. मेल्यावर वाचलेली माफी स्वस्त पडते.

८. ही पाने लाम्बेर्तुस मास्तरांकडे राहतील. मी बरा झालो आणि ती परत मागायला आलो, तर देऊ नयेत. मी काय कारण सांगीन याचा भरवसा नाही. मी त्या माणसाला एकोणपन्नास वर्षे ओळखतो.

साक्षीबद्दल. मास्तर म्हणाले, "ज्याच्या बायकोवर आळ घेतलास, त्याची सही पाहिजे. नाहीतर हा कागद नुसता तुझ्या जिवाच्या भीतीचा." निरोप धाडला. कोर्नेलिस आला, उंबऱ्याबाहेर उभा राहून सगळे ऐकले आणि सहावे कलम पुन्हा वाचायला लावले.

मी म्हणालो, "साक्षीदाराला वाटा घेता येत नाही. सही केलीस तर अकरा माड जातील. ते मार्ताला लिहावे लागतील."

"जाऊ देत."

"एवढं सहज? का रे?"

"दादा, आता याच्यातही काहीतरी शोध!" तो म्हणाला, आणि आत येऊन बसला.

म्हणून कलम पाच खोडले. माड मार्ताचे.

लिहिणार: सिप्रियानुस सुबान (सही)

साक्षीदार पहिला: लाम्बेर्तुस गेकेन, चॅपलचे मास्तर (सही). गाठी मोजल्या. सात.

साक्षीदार दुसरा: कोर्नेलिस तोकान (सही). माझ्यासमोर दोनदा वाचले. बारेकला घरी जाऊन सांगितले. ती म्हणाली, हरकत नाही.

वाईलेबे, पवित्र शनिवार, २० एप्रिल २०१९, दुपार. दिवा या घटकेला नियमाप्रमाणे विझलेला आहे. संध्याकाळी बारेक लावील.