मरालचा चीक

बिश्केक, ४ मार्च १९९९

ती. अपास,
ऐजमालचा सलाम. वि. वि.

आपल्या मराल गाईच्या तपासणीचा निकाल आला. मन घट्ट कर. तिच्या आतड्यांत जुना जंतू आहे, बहुधा ती कालवड असल्यापासून. इतकी वर्षं तिच्या अंगातल्या ताकदीने तो दाबून ठेवला. पण व्यायच्या सुमारास गाईची ही ताकद ओसरते आणि जंतू उचल खातो. मग तो शेणातून, चिकातून वासरात जातो. म्हणून वासरू पडल्या पडल्या वेगळं कर. शेजारच्या सोनुन मावशींची गाय निर्दोष निघालीय, तिचा चीक माग.

चीक म्हटलं की बाबा आठवतात. गल्लीत वाटून झाल्यावर कढईला चिकटलेली खरवड ते माझ्यासाठी राखायचे. इथल्या बाजारात सगळं मिळतं, ते नाही मिळत.

लोभ आहेच, रागावून तो कमी करू नकोस.
तुझी लेक ऐजमाल

आत-बाशी, ११ मार्च

चि. ऐजमालला अनेक आशीर्वाद.

एवढी शिकलीस ती आईपासून लेकरू तोडायला सांगण्यासाठी का गं? मराल चांगली धडधाकट आहे, वैरणीवर तुटून पडते. तुझ्या बाबांनी हौसेने आणलेल्या गाईची ही शेवटची लेक. हे वासरू जगलं तर गोठा राहील, नाहीतर कुलूप. आणि आपल्या घरचा चीक गल्लीभर जातो. यंदा मी वाडगा घेऊन दुसऱ्याच्या दारी जाऊ? मला नाही जमायचं.

नीट जेवत जा. शहरात राहून काडी झालीयेस, असं सोनुन म्हणत होती.

तुझी हट्टी अपा

आत-बाशी, २ एप्रिल

चि. ऐजमालला आशीर्वाद.

मराल व्याली, कालवड झाली. तिने चाटायला मान पुढे केली तेवढ्यात मी वासरू उचललं आणि दार लावलं. चीक खड्ड्यात ओतला. मग वाडगा घेऊन सोनुनकडे गेले. तिने काठोकाठ भरून दिला. आठवडाभरातच मराल पाण्यासारखं हगू लागली, आता बरगड्या दिसताहेत. तुझं खरं निघालं, बाई. कालवड मात्र उड्या मारते.

तुला कधी सांगितलं नाही ते सांगते. तू झालीस तेव्हा मला क्षय होता. दवाखान्यात तुला माझ्या कुशीतून उचलून नेलं. सोनुनचा मुलगा तेव्हा अंगावर पीत होता. तिने त्याच्याबरोबर तुलाही पाजलं. मी खिडकीशी उभी राहून ओरडत होते. म्हणून तुझं पत्र वाचून चिडले.

मराल भिंतीपलीकडून हंबरते. मी तिच्याजवळ बसते आणि सांगते, "रडून घे बाई. माझी जगली, तुझीही जगेल."

सुट्टीत ये. आधी सोनुनला भेट, मग मला.
तुझी अपा