इरप्पाच्या आठवणीची परवानगी

पौष शुद्ध १, शके १८५७. हुमनाबाद

पोट अजून उतरलेलं नाही! काल वेळअमावस्या, शेतात जेवायचा सण. वीरण्णाच्या शेतात बसून बाजरीचे आठ उंडे हाणले, डाळी-पाल्याची भज्जी वेगळी, वर तांब्याभर आंबील. मठातल्या गुरुपादय्यानं किती खाल्लं ते लिहीत नाही. मठाची अब्रू आहे.

आम्ही तिघे एका वर्गातले. चौथा इरप्पा, हळ्ळीखेडच्या काशाप्पा धनगराचा. गेल्या माघात प्लेगात गेला. तेवीस वर्षांचा होता. तेव्हापासून आम्ही तिघे भेटतो, पण त्याचं नाव कुणी काढत नाही. काल वीरण्णानंच काढलं. भज्जी चाखत म्हणाला, "इरप्पा असता तर म्हणला असता – भज्जीत मीठ न्हाई आन् वीरण्णात अक्कल न्हाई!" खूप हसलो.

उठता उठता ठरलं. माघ वद्य तृतीयेला वर्ष भरतं. त्या दिवशी मठाच्या अंगणात सभा घ्यायची, इरप्पाबद्दल बोलायचं. बोलणार मी. कामून? तर मी मास्तर!

पौष शुद्ध ४

निजामाच्या राज्यात सभा म्हटली की परवानगी. वीरण्णा म्हणत होता, बारशाला लागत न्हाई, मग मेलेल्याला कशाला? पण लागते. पोलीस चौकीवर गेलो. अमीनसाहेबांनी अर्ज उर्दूत मागितला आणि सोबत भाषणही – अक्षरन् अक्षर लिहून.

"मरहूम कौन थे? वकील?"

"नाही साहेब. मेंढरं राखायचे."

"फिर तकरीर किस बात की?"

उत्तर आलं नाही. वर्गातही मला वेळेवर कधी आलं नाही. मागून इरप्पा सांगायचा – बहुतेक चुकीचं.

पौष शुद्ध ९

भाषण लिहायला बसलो. आठवतं ते सगळं खोड्यांचं!

तालीमातचे, म्हणजे शिक्षणखात्याचे, मोहतमीम तपासणीला आले होते ते. त्यांनी विचारलं, दुनिया गोल आहे याचा पुरावा काय? आम्ही सगळे खाली मान घालून. इरप्पा उठला. "साहेब, हमारे मेंढरां सुबू गाव के इस बाजू से जाते, चरते चरते शाम कू उस बाजू से आते. दुनिया चपटी रहती तो आते क्या?" मोहतमीमसाहेब बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले.

मग घोंगड्याचं. खळ देऊन कडक केलेलं घोंगडं. ते मागच्या रांगेत काठीवर उभं करायचा आणि स्वतः ओढ्याला पोहायला पसार! हिवाळ्यात सगळीच पोरं डोक्यावरून पांघरून बसायची. मौलवीसाहेबांनी एकदा त्या घोंगड्याला तीनदा प्रश्न विचारला. चौथ्यांदा छडी मारली. घोंगडं आडवं झालं. मौलवीसाहेब घाबरले – पोरगं बेशुद्ध पडलं म्हणून!

आणि ते 'दोन कमी'. हजेरीच्या आधीच हा वर्गावर नुसती नजर फिरवायचा आणि बोलून जायचा, "दोन कमी हायत." मेंढरांची सवय! पळालेले पकडले जायचे. आम्ही त्याला बडवायचो. मग शहाणा झाला. रोज म्हणायला लागला, "समदे हायत." वर्गात आम्ही पाचजण असलो तरी समदे हायत!

चार पानं झाली. लिहिताना एकटाच हसत होतो. आई डोकावून गेली.

पौष वद्य २

अमीनसाहेबांनी भाषण माझ्यासमोर वाचलं. मेंढरांशी पोचले आणि तोंडातलं पान सांभाळता सांभाळता पुरेवाट झाली. घोंगड्याशी तर डोळेच पुसले. मला वाटलं, जिंकलं!

रुमाल खिशात ठेवून म्हणाले, "इसमें सरकार के खिलाफ कुछ नै. मगर मदरसे के खिलाफ सब कुछ है!" मदरसा म्हणजे आमची शाळा. सरकारी मोहतमीमांना मेंढरांनी हरवलं असा अर्थ निघतो म्हणे. दुसरं लिहून आणा. मरहूम आज्ञाधारक होते, अभ्यासू होते, वगैरे.

पौष वद्य ५

लिहिलं. मरहूम आज्ञाधारक होते. मितभाषी होते. गुरुजनांचे लाडके होते. वीरण्णाला वाचून दाखवलं. तो दुकानात कापड मोजत ऐकत होता. हातातला गज थांबवून म्हणाला, "ह्यो कोण मेला बाबा? आपल्या वळखीचा दिसत न्हाई."

पौष वद्य १०

परवानगी मिळाली! अट – लिहिलंय तेवढंच वाचायचं. एक शिपाई हजर राहील.

माघ शुद्ध ७

एक गोष्ट दोन्ही भाषणांत लिहिली नाही. इथे लिहितो.

गेल्या माघात इरप्पाला ताप आला, गाठ आली. हळ्ळीखेड मोडून लोक शेतात खोपी घालून राहिले होते. हळ्ळीखेडकडून आलेल्या एका माणसानं आमच्या दारापासून लांब उभं राहून निरोप दिला – "इरप्पा तुमची याद काढायलाय. यिऊन जावा." मी उठलो. धोतर खोचलं, चपला घातल्या. अंगणात बराच वेळ उभा राहिलो. मग चपला काढून आत आलो.

कुणी अडवलं नव्हतं. आई तर घरातही नव्हती. चार दिवसांनी तो गेल्याचं कळलं.

वीरण्णाला, गुरुपादय्याला हे माहीत नाही.

माघ वद्य ३

सभा झाली. नव्हे, परवानगी पार पडली!

मठाच्या अंगणात चाळीसेक माणसं. पुढे काशाप्पा आणि अनसाअव्वा. इरप्पाचे आईबाप हळ्ळीखेडहून पहाटेच निघून चालत आले होते. शिपाई माझ्या शेजारी बसला, हातात भाषणाची नक्कल. मी वाचायचो तसं त्याचं बोट ओळीवरून सरकायचं. मी भरभर वाचलं की तो खोकायचा. दोनदा त्याच्यासाठी थांबलो.

संपलं. काशाप्पा हळूच म्हणाले, "मास्तर, ह्यो कुणाचा पोरगा?"

"अप्पा, इरप्पाच की."

"न्हाई. माझं लेकरू असं न्हवतं."

शिपायानं कागद उलटापालटा करून बघितला. "ये इसमें नै है," म्हणाला. कागदाबाहेरचं बोलायचं नाही! वीरण्णा फसकन हसला, मग गुरुपादय्या, मग मागचे सगळे. शिपाईही हसला बिचारा, कशाला ते न कळून.

काशाप्पा मात्र हसले नाहीत. उठले, खांद्यावर घोंगडं टाकलं. "हितं बोलायला मना हाय व्हय? मग परवा आमच्या तळावर या. मेंढरांत बोलायला कुणाची परवानगी लागत न्हाई."

माघ वद्य ५

तळावर गेलो तिघे. हळ्ळीखेडच्या शिवेवर कापसाचं मोकळं रान, तिथं मेंढरं बसवलेली. कलत्या उन्हात आम्ही अनसाअव्वांच्या भाकरी खाल्ल्या आणि पहिलं भाषण सुरू केलं. मला वाचावंच लागलं नाही. एकाचं वाक्य दुसरा ओढून घ्यायचा. दुनिया गोल झाली. 'समदे हायत' झालं. काशाप्पा मांडीवर थापा मारायला लागले, तशी जवळची मेंढरं उठून उभी राहिली.

घोंगड्याची गोष्ट आली तशा अनसाअव्वा ताडकन म्हणाल्या, "तरीच! 'अव्वा, लई कडक कर, शाळेत थंडी वाजतीया' म्हणायचा भाड्या! मी चिंचोके कुटू कुटू खळ द्यायची. हात सोलून निघायचे माझे!" आणि पदर तोंडात धरून हसायला लागल्या. हसता हसता रडायला लागल्या. परत हसल्या. काशाप्पा त्यांच्याकडे बघतच राहिले. "वरीस झालं," म्हणाले, "हिला हसताना बघितलं न्हवतं."

तेव्हा मला राहवलं नाही. सांगून टाकलं – निरोप आला होता, मी आलो नाही, भ्यालो. बोलताना मेंढरांकडे बघत होतो. गुरुपादय्या पुटपुटला, "शिवा शिवा." वीरण्णानं अंग चोरलं असं वाटलं.

काशाप्पांनी तंबाखू मळली. मळतच राहिले. मग म्हणाले, "निरोप म्या धाडला हुता. इरप्पाला कळलं तशी माझ्यावर वरडला – 'कामून बोलावलास त्याला? मरायला?' तुमच्या गावचा गाडीवान हणमंतप्पा हितंच हुता तवा. त्याला लावून दिलं त्येनं. 'शिरपत निघाला असंल तर नाल्यावरनं माघारी फिरव' म्हणला. दोन रोज बसला हुता हणमंतप्पा नाल्यावर. तू आला असतास तरी पोचला नसतास, लेकरा."

"खरं, अप्पा?"

"मेंढरांत बसून कुणी खोटं बोलंल व्हय?"

मी काय केलं ते लिहीत नाही. वीरण्णानं पाठीवर हात ठेवला तो हुमनाबाद येईपर्यंत काढला नाही. इरप्पा तो इरप्पाच! मरतानाही माझ्यापेक्षा एक पाऊल पुढे.

माघ वद्य ६

शाळेत पोरांना पृथ्वी गोल शिकवली. मेंढरांच्या पुराव्यासकट!

फाल्गुन शुद्ध २

बाजारात हणमंतप्पा भेटला. त्याचे हात धरले, म्हणालो, गेल्या वर्षीच्या माघात माझ्यासाठी दोन दिवस नाल्यावर बसलास, उपकार झाले.

"म्या? न्हाई वो मास्तर. गेल्या सालचा आख्खा माघ मी उदगीरला हुतो, लेकीकडं. प्लेगाच्या भ्यानं परतलोच न्हाई. कुणी सांगितलं तुमाला?"

कुणी नाही, म्हणालो.