मनकर्णाला दिवस गेलेत

माघ वद्य द्वितीया, शके १७८५

सगळ्यात आधी मैनाबाई उतरली. बैल धड थांबलेही नव्हते. गुडघे कामातून गेलेत म्हणते, पण उडी पाहा — पोरीसारखी! मागून तिचा दीर शेषराव. केवढा फेटा, आणि बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या! कापसानं अमरावतीकडची माणसं येडी झालीत. आमच्याकडे तरी काय वेगळं? खुशालनं, माझ्या लेकानं, मला चुलीजवळ बसायला गालिचा आणला. गालिचा — चुलीजवळ! पहिल्याच दिवशी ठिणगी पडून भोक पडलं.

तर मैनाबाई. माझ्या नातीची, मनकर्णाची सासू. नातजावई सूर्यभान कार्तिकात कौंडण्यपूरच्या जत्रेत पटकीनं गेला, तेव्हापासून पोर आमच्याकडे आहे. मला वाटलं, विहीणबाई गळ्यात पडून रडेल. रडलीच. पण मग डोळे पुसून मागणं घातलं. तिचा धाकटा लेक गोवर्धन आहे ना, त्याच्याशी मनकर्णाचा पाट लावू म्हणते. "पोरगी आमची हाये. आमच्याच घरात राहू द्या."

आमच्यात विधवेच्या पाटाला कोणी नाक मुरडत नाही. परक्याच्या घरी जाण्यापेक्षा हे किती बरं! मला इतका आनंद झाला की पुरणात वेलची दोनदा पडली. मनकर्णाची आई, माझी सून पार्बता, बघत होती. मनकर्णा वाढायला आली नाही. लाजली असेल. पाहुणे दिवस धरून कळवतो म्हणाले.

माघ वद्य पंचमी

तेल तापलं की पोर उठून न्हाणीत जाते. तोंड धुऊन येते, पुन्हा जाते. दोन दिवस मी नुसती बघत होते. मला काय कोणी सांगावं? मी आठ बाळंतपणं काढलीत.

सूर्यभान जाता जाता ठेवून गेला! पणतू बघणार मी! खुशालच्या वेळी मला खारपट्टीतल्या विहिरीचं पाणी गोड लागायचं — तेच पाणी बैल तोंडात घेत नाही. हे म्हणायचे, बाईचं डोकं फिरलं. आता मनकर्णाला काय खावंसं वाटतं ते विचारीन.

माघ वद्य षष्ठी

पार्बताला सांगितलं. तिच्या हातातली परात खाली गेली.

"आत्याबाई, कोणाजवळ बोलू नका. दहाव्याचं इसरल्या काय?"

विसरले नव्हते. पण आनंदात ते आडवं येईल असं वाटलं नव्हतं. आमच्यात रीत आहे — दहाव्याला नदीवर, बांगड्या फोडायच्या आधी, पाच बाया विधवेला विचारतात, पोटी काही आहे का? आहे म्हणाली तर लेकरू त्या घरचं. नाही म्हणाली तर नाही. पुन्हा कोणी विचारत नाही. मनकर्णाला विचारलं तेव्हा तिनं मान हलवली. नाही. तिला तरी काय ठाऊक! नवरा जाऊन दहा दिवस, पोर अन्नाला शिवत नव्हती.

"आता पोट दिसलं तर लोक काय म्हणतीन? नाई म्हणाली होती ना? मंग हे कोणाचं?" पार्बता हेच म्हणत राहिली. मग हळूच म्हणाली, अकोल्याच्या जुन्या शहरातल्या दाईला, जैनबबीला, विचारावं का.

जैनबबी कशाला ते मला कळलं. मी उठून गोठ्यात गेले. गायीला दुसऱ्यांदा चारा टाकला.

माघ वद्य अष्टमी

खुशालला सांगावंच लागलं. तो गावचा पोलीस पाटील. सरकारचा नवा कायदा होऊन दोन वर्षं झालीत म्हणे, पण अकोल्याच्या कचेरीत पाटलांना बसवून आत्ता वाचून दाखवला. पोट पाडून देईल तिला कैद. पाडून घेईल त्या बाईलाही कैद. लेकरू पोटात हलायला लागलं की सजा आणखी मोठी. पाटलानं लपवलं तर पाटलाची पाटीलकी गेली. मागच्याच बाजारी यानं दवंडी पिटवली — यानंच! आणि आता याच्याच घरात.

भिंतीकडे तोंड करून बसला. म्हणाला, "बाईचा जीव वाचवासाठी केलं तर गुन्हा नाई. तेही सायबानं वाचलं."

"मंग जीवच तर जाते तिचा," पार्बता म्हणाली. "लोक जगू देतीन काय?"

मी म्हणाले, सूर्यभानचं लेकरू आहे, चोरी केली नाही पोरीनं, मैनाबाईला सरळ सांगू. माझा मामा रिद्धपूरच्या मठात होता. त्यानंच मला ही चार अक्षरं शिकवली, आणि किडामुंगीलाही मारू नये हेही त्यानंच शिकवलं. पार्बता म्हणाली, मामाले लोकाइनं नावं ठेवली नसतीन. तिचं बरोबर आहे. माझंही बरोबर आहे. मनकर्णा तिथंच तूर निवडत होती. खडे कमी आणि तूरच जास्त फेकत होती.

माघ वद्य एकादशी

मनकर्णा जेवली नाही. पार्बता जेवली नाही. मी जेवले. कोणीतरी जेवायला पाहिजे.

फाल्गुन शुद्ध द्वितीया

मी एक काम केलंय. कोणाला विचारलं नाही.

आमचा गाडीवान नत्थुजी कापसाच्या गाड्या घेऊन अमरावतीच्या बाजाराला निघाला. त्याच्याबरोबर मैनाबाईला निरोप धाडला. भर दुपारी, सगळे शेतात असताना. सांग म्हटलं, सूर्यभान गेला नाही, थोडा उरलाय. एकीला नव्हे, दोघांना न्यायला या. नत्थुजी पापभीरू माणूस, डोळे पुसतच गेला. आता शेषराव मानेल का? त्याला शिंगांची चांदी मोजण्यातून सवड झाली तर!

फाल्गुन शुद्ध पंचमी

परसात कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीच्या ढिगामागे जैनबबी उभी होती. याच बाईनं मनकर्णाला जगात आणलं — नाळ गळ्याभोवती होती, बोटानं सोडवली. तीच बाई! मी काठी घेऊन गेले. माझी काठी म्हणजे काय, चालायची काठी.

बाई हलली नाही. म्हणाली, "अम्मा, बैठो तो." ती बसली, मग मीही बसले. उभं राहून किती भांडणार.

तिलाही भीती वाटते. जुन्या शहरात पोळ्याच्या सुमारास एक कोष्ट्याची बाई पोट पाडताना मेली. दाईला बैलगाडीत घालून कचेरीत नेलं. ती दाई जैनबबीच्या नात्यातली. तेव्हापासून ही असल्या कामाला हात लावत नाही म्हणते. "कायद्यानं बाया थांबल्या काय, अम्मा? आधी काही बिघडलं तर मले बलवत. आता घरातल्या घरात कायबी करतात, बिघडलं तर भेवानं कोणाले बलवत नाई. तशीच मरते बाई." मी म्हटलं, मग तू इथं का? म्हणाली, नाही म्हणायला आले. नाही म्हणायला एवढ्या उन्हात कोण येतं! पण ती दुसरं सांगेना. महिने वर गेलेत, आता जीवाला जास्त धोका, एवढंच पुन्हा पुन्हा सांगितलं. जाताना पाणी मागितलं. मी गूळही दिला. राग होता, पण दिला.

घरात येऊन पार्बताला बोलू नये ते बोलले. ती म्हणाली, मी नाई बलवलं. मी ऐकलं नाही.

फाल्गुन शुद्ध अष्टमी

नत्थुजी आला! मैनाबाईनं मानलं! गाडीवरून उतरण्याआधीच त्यानं हात वर केले. शेषराव म्हणे बराच वेळ दहाव्याचंच धरून बसला — पाच बायाइनं पुसलं, नाई म्हणाली, आता आलं कुठून? पण मैनाबाई त्याच्यावर उसळली. म्हणाली, "माह्या सूर्यभानचं हाये, मी मानते. गोवर्धनचा पाट लावू, लेकराले बाप भेटन."

काय बाई आहे! मी उगाच तिच्या गुडघ्यांना हसले. खुशाल ओसरीवर आला, ऐकलं, खांबाला टेकला. बऱ्याच दिवसांनी त्याचा चेहरा सैल झाला. पार्बता रडली. मी तिला माफ केलं. गावात गूळ वाटावा असं मनात होतं, पण अजून घाई नको.

मनकर्णाला सांगायला आत गेले. भिंतीकडे वळून पडली होती. पाठीवरून हात फिरवला, पाठ ताठ. म्हटलं, सगळं मिटलं ग. म्हणाली, "हो आजी."

फाल्गुन शुद्ध द्वादशी

जैनबबी पुन्हा दिसली! नदीच्या वाटेवर, मला बघून वळली. पार्बताचं अजून समाधान नाही तर! आता काय राहिलंय? सासर मानतंय, पाटील निर्धास्त, तरी हिला लेकीच्या जीवाशी खेळायचंय. कोष्ट्याच्या बाईचं ऐकून माझ्या अंगावर काटा आला होता, आईच्या नाही आला?

मनकर्णाच्या खोलीला बाहेरून कडी घातली. जेवण मी नेते, न्हाणीला मी नेते, दाराशी गालिचा टाकून मीच बसते. भोक पडलेला असला तरी ऊब आहे. खुशाल म्हणाला, माय, हे काय? मी म्हटलं, तुझा कायदाच पाळतेय. तो हसला.

फाल्गुन पौर्णिमा

होळी. मनकर्णाला नेलं नाही. तिनं जेवण परत पाठवलं. पुरणपोळीही.

फाल्गुन वद्य तृतीया

जैनबबीला पार्बतानं बोलावलं नव्हतं. मनकर्णानं बोलावलं होतं. दोन्ही वेळा.

आज ताट ठेवायला गेले तर माझा हात धरून खाली बसवलं. म्हणाली, "लेकरू झालं तर त्या घरचं. लेकरामागं मीही त्या घरची. मले गोवर्धन नको, आजी. तुमी साऱ्याइले पुसलं. मैनाबाईले पुसलं, सायबाच्या कायद्याले पुसलं. मले कोणी पुसलं?"

मी विचारलं, मग काय करू? जैनबबीचं नाव काढलं तर मला ती कोष्ट्याची बाई आठवते, हेही सांगितलं. ती म्हणाली, मरायचं भेव तिलाही आहे. पाट नसेल तर लेकरू ठेवायचं की नाही ते ठरवायला तिला मोकळीक हवी. दोन दिवस कोणी काही बोलू नका म्हणाली.

कडी काढली. खुशालला अजून सांगितलं नाही.

दुपारी अमरावतीचा माणूस निरोप सांगून गेला. पाहुणे पाटाच्या बोलणीला वद्य पंचमीला येतो म्हणतात. मनकर्णाचे दोन दिवसही तेव्हाच संपतात.